तरुण मुलामुलींसाठीं जुनी मोटार घेतांना

हळदीची पट्टी हातीं आली, कीं आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत खर्चाचे बेत निघतात. पूर्वीं ते विहिरीचे, बैलजोडीचे किंवा लग्नकार्याचे असत. हल्लीं त्यांत मोटारीची भर पडली आहे. मुलगा अगर मुलगी शिक्षण संपवून नांदेडास, परभणीस किंवा हिंगोलींतच कामास लागलेली असते. रोजची जा-ये सुरू होते. अंधार पडल्यावर दुचाकीवरून परत येणें आईबापांस धोक्याचें वाटतें, आणि नव्या गाडीइतकी रक्कम एकदम गुंतविणें बियाण्याच्या व मजुरीच्या दिवसांत शहाणपणाचें नसतें. तेव्हां जुनी गाडी पाहूं लागतात, आणि घरांत दोन तट पडतात. वडिलांस थोड्या तेलांत पुष्कळ चालणारी, डागडुजी न मागणारी गाडी हवी असते. मुलांस चालवितांना मन प्रसन्न होईल अशी हवी असते.

आमच्या मतें या वादांत मुलांची बाजू वाटते तितकी पोरकट नाहीं. शंकरपटाची जोडी सांभाळणाऱ्या कास्तकारास चालींतला आनंद काय असतो हें समजावून सांगावें लागत नाहीं. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेंहि पाहिलें तर, ज्या गाडीवर तरुणाचा जीव असतो तिचें वंगण वेळेवर बदललें जातें, तिच्या चाकांतली हवा पाहिली जाते. नावडती गाडी मात्र गोठ्याच्या भिंतीशीं धूळ खात उभी राहते. म्हणून गाडी उपयोगी असावी आणि हौसेचीहि असावी, हें मागणें रास्त आहे. अडचण अशी, कीं हौसेला भुलविणारी वस्तु आणि खरी चांगली वस्तु बाजारांत शेजारीं शेजारीं उभ्या असतात व दुरून दोन्ही सारख्याच चमकतात.

गेल्या वर्षीं वसमत तालुक्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीसाठीं गाडी पाहण्यास आम्ही सोबत गेलों होतों. मुलगी नांदेडास नोकरीस लागली होती. एका मोठ्या शहरांतील विक्रेत्याकडे पांढरी शुभ्र, डिझेलवर चालणारी गाडी होती. किंमत अपेक्षेपेक्षां बरीच कमी. आम्हीं टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, डिकी उघडून तींत किती सामान मावेल याचा अंदाज घेतला, आणि मान डोलावली. स्नेह्यांनीं विसार देण्यासाठीं खिशांत हात घातला. इतक्यांत मुलगी मागच्या आसनावरून म्हणाली, "काका, हा पट्टा पहा." तिनें आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला होता. वरचा भाग नवा दिसत होता; आंत गुंडाळलेल्या भागावर मात्र गाळाची सरळ रेघ उमटलेली होती. गाडी कधीं तरी आसनापर्यंत पाण्यांत उभी होती. कोठें व केव्हां, हें विक्रेत्यानें शेवटपर्यंत सांगितलें नाहीं. चाळीस वर्षें बैलबाजार केल्याचा आमचा अभिमान त्या दिवशीं एका मुलीनें उतरविला, आणि त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों.

महापुरांतून निघालेली गाडी हें आजच्या जुन्या बाजारांतील मोठें संकट आहे. २०१९ व २०२१ सालीं कोल्हापूर-सांगलीकडे पूर आले, त्याच्याहि आधीं २००५ च्या जुलैंत मुंबई बुडाली होती. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्यांपैकीं कांहीं धुऊन पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकावयास निघतात. पाण्यानें इंजिनापेक्षां तारांचें नुकसान अधिक होतें. सांध्यांतील तांबें हळूहळू हिरवें पडतें, आणि वर्ष-सहा महिन्यांनीं दिवा, कांच, शेवटीं गाडीच बंद पडते. म्हणून आसनाखालचा गालिचा उचलून हात फिरवावा, आसनांच्या रुळांवर गंज आहे कां पाहावें, जादा चाक ठेवण्याचा खळगा तपासावा, दारें लावून आंत कुबट वास येतो कां हें घ्यावें. गालिच्याखालीं पिवळी भुकटी सांपडली तर घाबरूं नये. ती आपल्याच भागांतील गाडी असून तींतून हळदीचीं पोतीं वाहिलीं आहेत एवढाच तिचा अर्थ. मात्र मग मागच्या स्प्रिंगा बसल्या आहेत काय हें पाहिलेंच पाहिजे.

बैलाचें वय आपण दांतांवरून ओळखतों. मोटारीलाहि दांत असतात. टायरच्या कडेवर चार आंकडी शिक्का असतो. पहिले दोन आंकडे आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. '२३१९' असें असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला. कांचांवरहि सालाची खूण असते. चार दारांच्या कांचा एका सालच्या आणि पांचवी निराळ्या सालची असेल, तर ती कां बदलली हें विचारावें. गाडी किती किलोमीटर चालली हें सांगणारा आंकडा मागें फिरवितां येतो, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. त्या आंकड्यापेक्षां ब्रेकच्या पायटीवरील रबर, सुकाणूचें चाक व चालकाच्या आसनाची कडा अधिक खरें बोलतात. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची पायटी गुळगुळीत होत नसते.

इंजिन नेहमीं थंड असतांना सुरू करून पाहावें. विक्रेत्यानें आपण जाण्यापूर्वींच तें तापवून ठेवलें असेल, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जावें. निळसर धूर सतत येत असेल तर वंगण जळत आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर ती गाडी सोडून द्यावी, घासाघीसहि करूं नये. दाराच्या चौकटीवरील रबर थोडें ओढून खालचे सांधे पाहावेत. कारखान्यांतील सांध्यांचे ठिपके ठराविक अंतरावर असतात, अपघातानंतर जोडलेल्या पत्र्यावर ते वेडेवांकडे असतात किंवा नसतातच. याउपर एखादा विश्वासू मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी रोख द्यावी. ती त्याला विक्रेत्याकडून मिळतां कामा नये.

आतां साल कोणतें निवडावें? येथें आम्ही एका गोष्टीवर हट्ट धरूं. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत चालकासमोर हवेची पिशवी असणें सक्तीचें झालें, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलपासून ब्रेक दाबतांना चाकें अडकूं न देणारी ए. बी. एस. योजनाहि. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांतील कांहीं लहान गाड्या आदळून पाहिल्या. पिशव्या नसलेल्या अल्टो ८००, आय-टेन, फिगो, नॅनो व पोलो या पांचहि गाड्यांस प्रौढांच्या संरक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. त्याच पोलोंत दोन पिशव्या बसविल्यावर चार तारे मिळाले. याहून अधिक स्पष्ट पुरावा कोणास हवा? म्हणून दहा-बारा वर्षांची गाडी पन्नास हजारांनीं स्वस्त मिळते या कारणास्तव मुलाला तींत बसवूं नये. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० वर आमच्या पिढीचा फार जीव होता व आहे. तिचें उत्पादन २०१४ त थांबलें. परंतु नव्यानें शिकलेल्या चालकाला रात्रीच्या रस्त्यावर, दिव्यावांचून उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमधून, तींत पाठविण्यास आमचें मन धजत नाहीं.

मग हौसेचें काय? ती येथेंहि भागते. २०१८ सालीं आलेली नवी स्विफ्ट हलकी व चपळ आहे, वळणावर हातांत बसते, आणि तिचा मिस्त्री तालुक्याच्या गांवीं मिळतो. मात्र तिला त्याच संस्थेकडून दोनच तारे मिळाले आहेत. टियागो तितकी नाचरी नाहीं, पण तिला २०२० त चार तारे मिळाले, आणि पाणंदीच्या उंचवट्यांवर तिचें पोट सहसा घासत नाहीं. रस्त्याला चिकटून चालण्यांत पोलोची बरोबरी करणारी लहान गाडी आम्हीं पाहिली नाहीं; पण ती २०२२ त बंद झाली, व फोर्ड कंपनीनें तर येथील आपलें उत्पादन थांबविण्याचें २०२१ तच जाहीर केलें. अशी गाडी घेणाऱ्यानें सुटे भाग व कारागीर आपल्यापासून किती दूर आहेत हें आधीं मोजावें. थार मागणारे तरुण पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही एवढेंच विचारतों, कीं तेल कोणाच्या पैशाचें?

तेलावरून आठवलें. डिझेलचा मोह कास्तकारास सहज होतो, कारण ट्रॅक्टरसाठीं तें घरांत असतेंच. परंतु एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल मोटारींस काजळी अडविणारी गाळणी असते. गांवांतल्या गांवांत चार-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडींत ती तुंबते आणि खर्च मोठा येतो. रोज हिंगोली-नांदेड करणाऱ्यानें डिझेलचा विचार करावा. इतरांनीं पेट्रोलच घ्यावें. त्या पेट्रोलांत आतां वीस टक्के इथेनॉल असतें. आपल्याच उसाचा तो माल आहे, त्याबद्दल तक्रार कशी करावी? तरी एप्रिल २०२३ पूर्वींच्या गाडीचें पुस्तक उघडून कंपनीनें याविषयीं काय लिहिलें आहे तें वाचावें, आणि रबरी नळ्या मिस्त्र्याकडून पाहून घ्याव्या.

गाडी पसंत पडली तरी कागद पाहिल्यावांचून विसार देऊं नये. नोंदणीपुस्तकांतील सांगाड्याचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशीं अक्षरशः ताडावा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचा नादेय दाखला व नमुना ३५ घेऊन ती आधीं उतरवावी. थकलेले दंड सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर दिसतात. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या म्हणजे मालकी बदलली असें नव्हे. ती परिवहन कार्यालयांत नोंदली गेली पाहिजे, आणि विमाहि चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्याचा अर्ज गेला पाहिजे. विमा जुन्या मालकाच्या नांवें राहिला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते.

हें कलम गाडी विकणाऱ्यासहि तितकेंच लागू आहे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें, कीं गाडी कितीहि हातांतून फिरली तरी नोंदणींत ज्याचें नांव, तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक व अपघाताच्या भरपाईस जबाबदार. आपली जुनी गाडी ओळखीच्या माणसास कोऱ्या कागदावर देऊन निश्चिंत झालेले कास्तकार आमच्या माहितींत आहेत. त्यांनीं आजच कार्यालयांत जाऊन चौकशी करावी. तसेंच अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मुलाच्या हातीं किल्ली देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनें अज्ञान मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकास वा मालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

वर सांगितलेल्या मुलीनें पुढें दोन महिने थांबून २०२० सालची पेट्रोल टियागो घेतली. ती नांदेडांतीलच एका शिक्षकांकडे होती. दर दुरुस्तीची पावती त्यांनीं लावून ठेवलेली. किंमत त्या पांढऱ्या गाडीपेक्षां अधिक पडली, व स्नेहीं त्याबद्दल महिनाभर कुरकुरले. पहिल्या पावसाळ्यांत एकच विघ्न आलें. गाडी सोयाबीनच्या थप्पीशेजारीं उभी करीत असत. उंदरांनीं बॉनेटखालच्या दोन तारा कुरतडल्या. आतां ती अंगणांत, निंबाखालीं उभी असते, आणि रात्रीं बॉनेट उघडें ठेवण्यांत येतें.