गिऱ्हाईक दुखणं बरोबर सांगतं, औषध आपण शोधायचं



"ग्राहक म्हणेल तसं करायचं, की आपल्याला पटेल तसं?" माझ्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. परवाच्या व्हिडिओत मी त्यावर दहा मिनिटं बोललो, पण एक उदाहरण वेळेअभावी राहून गेलं. ते आज सविस्तर लिहितोय.

उदाहरण एका सोशल मीडिया ॲपचं आहे. "आम्ही पापड-मसाल्याचा धंदा करणार, आम्हाला ॲपचं काय?" असं म्हणू नका. किराणा दुकानात मी जी चूक केली, जवळपास तशीच चूक जर्मनीतल्या एका हुशार डेव्हलपरच्या हातूनही झाली होती. त्याची चूक लाखो लोकांनी पाहिली, माझी फक्त माझ्या गल्ल्याने.

मॉल आणि पेठ

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स हे सगळे मॉल आहेत असं समजा. मालक एक, नियम त्याचे, दिवे त्याचे. तुम्ही आत कितीही छान दुकान सजवलं तरी उद्या मालकाने नियम बदलले की तुमच्या हातात काही नाही.

आता आपल्या गावची पेठ डोळ्यासमोर आणा. प्रत्येक दुकानाचं शटर वेगळं, मालक वेगळा, पण रस्ता सगळ्यांचा. गिऱ्हाईक या दुकानातून त्या दुकानात सहज जातं. मॅस्टोडॉन नावाचं सोशल मीडिया अशा पेठेसारखं आहे. ऑयगेन रोचको या विशीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केलं. तिथे हजारो छोटे-मोठे सर्व्हर आहेत आणि प्रत्येक सर्व्हर कोणीतरी वेगळं चालवतं. पण या सर्व्हरवरचा माणूस त्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो, जसं जीमेलवरून याहूला मेल जातो तसं. सगळ्यांना जोडणारा जो रस्ता आहे त्याचं नाव ॲक्टिव्हिटीपब. जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मान्यता दिली. यालाच विकेंद्रित सोशल मीडिया म्हणतात. जाहिराती नाहीत, खर्च मुख्यतः देणग्यांवर.

आपल्याकडेही नोव्हेंबर २०१९ मध्ये याचं नाव गाजलं होतं. सुप्रीम कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांचं ट्विटर खातं बंद केल्यावर रागावून बरेच भारतीय तिकडे गेले होते. त्यातले किती टिकले, ते तुम्हीच ओळखा.

दारातच गिऱ्हाईक अडलं

ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी इलॉन मस्कनी ट्विटर विकत घेतलं आणि लोकांचा लोंढा मॅस्टोडॉनकडे वळला. महिन्याला सुमारे ३ लाख लोक वापरत होते, ते एकदम २५ लाखांवर गेले. कुठल्याही दुकानदाराला स्वप्नात पडावी अशी गर्दी!

पण दारात काय झालं? ॲप उघडलं की पहिलाच प्रश्न: "कोणता सर्व्हर निवडता?" खाली भलीमोठी यादी. नव्या माणसाला सर्व्हर म्हणजे काय हेच माहीत नाही. चुकीचा निवडला तर काय होईल ही भीती वेगळीच. कित्येकांनी तिथेच ॲप बंद केलं. पुढच्या काही महिन्यांत २५ लाखांचा आकडा बराच खाली आला. कारणं इतरही होती, पण दारातला हा गोंधळ त्यातलं मोठं कारण होतं.

गंमत अशी, की जुन्या लोकांना हीच यादी आवडायची. "निवडीचं स्वातंत्र्य हाच तर आमचा आत्मा," असं ते म्हणायचे. आणि फीडबॅक देणारे मुख्यतः तेच होते. जे दारातून परत गेले, ते फीडबॅक द्यायला थांबलेच नाहीत.

आता माझी गोष्ट. आमचं किराणा दुकान वडिलांनी काढलेलं. काउंटरपलीकडून यादीप्रमाणे माल द्यायचा, ही पद्धत. बीबीए करून मी दुकानात बसलो तेव्हा माझ्या वयाची पाच-सहा पोरं रोज म्हणायची, "भावा, रॅक लाव, सुपरमार्केट कर." मला वाटलं, ग्राहकांची मागणी आहे! वडिलांची चार लाखांची मुदत ठेव मोडून रॅक, टोपल्या, बिलिंगचा कॉम्प्युटर सगळं आणलं. सहा महिन्यांत गल्ला एक तृतीयांशाने खाली आला. एकाही माणसाने तक्रार केली नाही. वडील काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गल्ला मोजायला बसायचे बंद झाले. ते मला जास्त लागलं.

एक दिवस मंडईत एक जुन्या काकू भेटल्या. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. म्हटलं, "काकू, दिसला नाहीत बरेच दिवस." त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या दुकानात आता विचारायचं कुणाला? तूरडाळीचेच पाच प्रकार. चष्मा विसरला की नुसतं फिरत बसायचं. आणि माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही बाबा."

मित्रांनो, त्या एका वाक्यात माझे चार लाख कुठे गेले ते मला कळलं.

मग दोघांनी काय केलं?

१ मे २०२३ रोजी मॅस्टोडॉनने ॲपमधलं दार बदललं. आता मोठं बटण एकच: मॅस्टोडॉन डॉट सोशल या त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर खातं उघडा. त्याच्या खाली दुसरा पर्याय: वेगळा सर्व्हर निवडा. ज्याला समजतं त्याला निवड आहे, ज्याला समजत नाही त्याला सरळ वाट आहे. पुढे मन बदललं तर सर्व्हर बदलता येतो आणि तुमचे फॉलोअर तुमच्याबरोबर नव्या जागी येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.

जुने लोक चिडले. त्यांचं म्हणणं होतं, सगळे एकाच मोठ्या सर्व्हरवर गेले तर पेठेचा पुन्हा मॉल होईल. आणि ही भीती खोटी नाही! इथेच निर्णयाची खरी कसोटी असते. दोन्ही बाजू बरोबर असतात आणि किंमत कोणाला तरी मोजावी लागते. मॅस्टोडॉनने ठरवलं, की दारात अडलेल्या माणसाला आत घेणं आधी. आत आल्यावर तो पेठ फिरेल.

मी रॅक काढले नाहीत. दाराशी एक टेबल टाकलं, दोन खुर्च्या, आणि एक पोरगा. "यादी द्या, बसा, पाणी घ्या." ज्याला फिरायचं तो फिरतो, ज्याला बसायचं तो बसतो. काकू पुढच्याच आठवड्यात आल्या. गल्ला पूर्वीसारखा व्हायला मात्र वर्ष गेलं.

मोठ्या आवाजाचं गिऱ्हाईक

मॅस्टोडॉनचा अजून एक किस्सा ऐका. सुरुवातीला तिथे पोस्ट टाकायच्या बटणावर "टूट" असं लिहिलेलं असायचं. का? एका यूट्यूबरने सांगितलं होतं, बटणाला हे नाव द्या, मी कायम देणगी देत राहीन. रोचकोंनी दिलं. इंग्रजी ही काही त्यांची मातृभाषा नाही. बोलीभाषेत या शब्दाचा अर्थ वारा सोडणं असाही होतो, हे लक्षात आलं नाही. कल्पना करा, एखादी सरकारी संस्था किंवा वर्तमानपत्र आपली गंभीर बातमी टाकतंय आणि बटण काय दाबायचं, तर हे! शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये, ४.० या आवृत्तीत तो शब्द बटणावरून गेला.

एका गिऱ्हाइकाच्या हौसेपायी पाटी रंगवली, की ती बाकीच्या सगळ्यांना वाचावी लागते. माझी ती पाच-सहा पोरं आठवा. त्यातली दोनच महिन्याचं वाणसामान माझ्याकडून घेत होती. बाकीची यायची ती वेफर्स आणि कोल्ड्रिंकला.

"नाही" म्हणणं आणि नंतर "हो" म्हणणं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

ट्विटरवर दुसऱ्याची पोस्ट उचलून तिच्यावर स्वतःचं वाक्य टाकता येतं. त्याला कोट पोस्ट म्हणतात. मॅस्टोडॉनमध्ये ही सोय मुद्दाम ठेवली नव्हती. रोचकोंचं म्हणणं होतं, की यातून लोक एकमेकांशी बोलण्याऐवजी एकमेकांना चारचौघांत उघडं पाडतात. कोणाची तरी पोस्ट उचलायची, वर टोमणा मारायचा आणि आपली फौज तिच्या अंगावर सोडायची.

मागणी मात्र थांबली नाही. ट्विटरवरून आलेले म्हणायचे, आम्हाला भांडायचं नाही, चांगल्या लेखाला दोन ओळी जोडायच्यात. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय वापरकर्त्यांनी सांगितलं, की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने त्यावर चढवत जायचं, ही आमच्या गप्पांची रीतच आहे. ती तोडली तर आम्ही इथे बोलायचं कसं?

म्हणजे एका बाजूला छळाची भीती खरी, दुसऱ्या बाजूला गप्पांची गरज खरी. शेवटी २०२५ मध्ये मॅस्टोडॉनने ही सोय दिली, पण तीन कड्या लावून. एक, माझी पोस्ट कोणी उचलायची हे मी ठरवणार. दोन, कोणी उचलली तर मला कळणार. तीन, नंतर पटलं नाही तर मी माझी पोस्ट तिथून मागे घेऊ शकणार.

याच काळात ब्लूस्काय हे दुसरं विकेंद्रित ॲप उलट्या दिशेने चाललं होतं. त्यांनी कोट पोस्ट आधी दिली, त्रास दिसला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपली पोस्ट दुसऱ्याच्या कोटमधून सोडवून घेण्याची सोय जोडली. एक "नाही"कडून निघाला, एक "हो"कडून, आणि दोघे पोचले जवळपास एकाच ठिकाणी. कारण दोघांनी शेवटी मागणीमागचं दुखणं पाहिलं.

दुकानात आपल्याकडे ही जागा उधारीची. "आज रोख, उद्या उधार" ही पाटी मीही लावली होती. वडिलांच्या वहीतले बुडालेले पैसे मी लहानपणापासून पाहिलेत. पण महिन्याच्या शेवटी चांगली चांगली घरं दुसरीकडे जायला लागली. विचारलं तेव्हा कळलं, पगार सातला होतो आणि वीस तारखेनंतर हात आखडतो. त्यांना वर्षभराची उधारी नको होती, पंधरा दिवसांचा आधार हवा होता. मग मीही तीन कड्या लावल्या. उधारी फक्त वीस तारखेनंतर, दोन हजारांपर्यंत. घेतलेल्या मालाचा आकडा त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर. दहा तारखेपर्यंत चुकतं झालं नाही तर पुढच्या महिन्यात खातं बंद. एखाद-दुसरा हिशेब अजून चुकतो, पण घरं परत आली. आणि संध्याकाळी गल्ला मोजायला वडीलही.

किल्ली कोणाकडे?

तसंच शोधाचं. मॅस्टोडॉनवर पोस्टमधला कुठलाही शब्द सहज शोधता येत नसे, कारण शोधून शोधून त्रास देणाऱ्यांची अनेकांना धास्ती होती. पण नवीन माणसाला आपल्या आवडीचं काही सापडतच नसे. सप्टेंबर २०२३ मध्ये ४.२ आवृत्तीत शोध आला, पण ज्याने स्वतः परवानगी दिली त्याच्याच सार्वजनिक पोस्ट त्यात सापडतात. न विचारता कोणाचंही घर उघडलं नाही. यामुळे शोध जरा अपुरा राहतो, ही किंमत त्यांनी मान्य केली.

एक खरं सांगतो. एवढं करून मॅस्टोडॉन काही ट्विटरएवढं मोठं झालेलं नाही. पण पेठेची पेठच ठेवायची आणि जाहिरात घ्यायची नाही, या दोन गोष्टी त्यांनी गर्दीच्या मोहात सोडल्या नाहीत. बाकी सगळं बदलायची तयारी ठेवली. तुमच्याही धंद्यात अशा दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात. नाहीतर प्रत्येक गिऱ्हाईक तुमचं दुकान आपापल्या बाजूला ओढत राहील.

या आठवड्याचं काम

वही घ्या आणि चार गोष्टी लिहा.

१. गेल्या महिन्यात कोणी काय मागितलं? त्याच्या समोर लिहा, त्यामागचं दुखणं काय असेल?

२. मागणारा खरंच तुमच्याकडून घेतो का, की नुसता सल्ला देतो?

३. न बोलता कोण यायचं बंद झालंय? तीन नावं काढा आणि या आठवड्यात त्यातल्या एकाला तरी भेटा. माल विकायला जाऊ नका, फक्त विचारा आणि ऐका.

४. काहीही झालं तरी न बदलणाऱ्या तुमच्या दोन गोष्टी कोणत्या?

तिसरं काम सगळ्यात अवघड आहे, मला माहितीय. मी त्या काकूंना मंडईत योगायोगाने भेटलो. तेव्हाच उठून त्यांच्या दारात गेलो असतो, तर सहा महिने आधी शहाणा झालो असतो. तुम्ही योगायोगाची वाट बघू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे: उधारीची वही कशी ठेवायची. तोपर्यंत गल्ल्यावर लक्ष ठेवा, आणि दारावर त्याहून जास्त!