रसायनशास्त्रातला ‘डी’

लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागातल्या एका सरकारी हायस्कूलचं ग्रंथालय. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेलेत. कामावरून तडक आलेले आईबाप टेबलांभोवती दाटीवाटीनं बसलेत. एका बापाच्या अंगावर अजून हॉटेलच्या किचनचा एप्रन आहे.

शेजारच्या टेबलावर अकरावीतली मुलगी, तिची आई आणि शाळेच्या समुपदेशक बाई. मुलीला नर्स व्हायचंय. बाई गुणपत्रक आईपुढे सरकवतात आणि थेट स्पॅनिशमध्ये बोलू लागतात. रसायनशास्त्रापाशी त्यांचं पेन थांबतं. तिथं ‘डी’ आहे.

“म्हणजे पासच ना?” आई विचारते. मुलीनं घरी तसंच सांगितलेलं दिसतंय.

“शाळेपुरती पास, सेन्योरा. पण कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना वर्षभराचे १५ ठरावीक अभ्यासक्रम लागतात, आणि त्यांत ‘सी’च्या खाली चालत नाही.”

मुलगी मान खाली घालते. दवाखाना असो, बँक असो, घरमालक असो, आईची दुभाषी तीच. इथंही तीच असती, तर हा ‘डी’ आईपर्यंत पोचलाच नसता. त्यात पोरीचा काय दोष? स्वतःच्या भवितव्याची अडचण स्वतःच आईला उलगडून सांगायची, हे ओझंच तिच्यावर पडता कामा नये. मार्गदर्शन आईच्या भाषेत हवं ते यासाठी.

आईच्या भाषेतली ही सोय मागणी करून मिळालेली आहे. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली. त्यांना द्वैभाषिक शिक्षण हवं होतं. मेक्सिकन मुलांना कॉलेजऐवजी कारागिरीच्या नि गृहशास्त्राच्या वर्गांकडे वळवण्याचा त्यांना संताप होता. पुढे १९९८ मध्ये राज्याच्या मतदारांनी द्वैभाषिक वर्गांना जवळजवळ आळा घातला आणि २०१६ मध्ये मतदारांनीच तो काढला. मधल्या काळात किती मुलांची शाळा झाली असेल!

“उन्हाळ्यात हा विषय पुन्हा करता येईल. फी नाही,” बाई सांगतात.

“सकाळी धाकट्याला कोण बघणार?” मुलगी पुटपुटते.

“ते मी बघते, मिहा,” आई म्हणते; मिहा म्हणजे ‘पोरी’. “तू वर्गाला जा.”

बाई आता मुलीकडे वळतात. स्पॅनिशची एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा चांगली दे, इंग्रजीचं बघू. बारावीनंतर डिप्लोमावर राज्याची द्वैभाषिक मोहोर मिळेल, दोन्ही भाषा येत असल्याची. २०११ च्या कायद्यानं आलेली ही मोहोर कॅलिफोर्नियानं देशात सर्वांत आधी सुरू केली. “इथल्या हॉस्पिटलांत पेशंटशी स्पॅनिशमध्ये बोलणारी नर्स हवीच असते.”

“घरी बोलतो तीच स्पॅनिश धरतात?” मुलगी पहिल्यांदाच मान वर करते.

“तीच. फक्त लिहायची सवय वाढव.”

आई खुर्ची पुढे ओढते. तिला आता कॉलेजच्या फीचं विचारायचंय, आणि आर्थिक मदतीच्या अर्जात आपल्या पगाराच्या पावत्या लागतील का, तेही.