मेंढ्याचा बांबू, पाचगावचा तेंदू

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंडांचे गाव आहे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या गावात आले आणि त्यांनी गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती एक पासबुक दिले. ते होते बांबूच्या वाहतूक परवान्याचे. जंगलातला माल बाहेर न्यायचा तर हा परवाना लागतो आणि तोवर तो वनखात्याच्या कचेरीतूनच मिळत असे. त्या दिवसापासून मेंढ्याची ग्रामसभा तो स्वतः देऊ लागली.

एवढ्याशा पुस्तिकेसाठी केंद्रातला मंत्री का यावा लागला, हे समजून घेण्यासारखे आहे. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. शेजारच्या मर्दा गावासह देशात असा हक्क मिळवणारी ही पहिली गावे. कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिलेला आहे. पण १९२७च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांच्या यादीत बसवले होते, आणि झाड म्हटले की लाकूड, लाकूड म्हटले की सरकारी मालमत्ता. बांबू हे गवत आहे ही शाळकरी पोराला माहीत असलेली गोष्ट कागदावर यायला इतकी वर्षे लागली. हक्क होता, पण तोडलेला बांबू विकायला गावाबाहेर नेता येत नव्हता. असा हक्क पोट भरत नाही, आणि जे पोट भरत नाही ते राखायला माणूस रात्री उठून जंगलात का जाईल?

या भागात लोकांचा जंगलाशी जुना व्यवहार ‘निस्तार’ या नावाने चालत आलेला. घरासाठी लाकूडफाटा, कुंपणाला बांबू, गुरांना चारा. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारजमा झाले आणि निस्तार आक्रसत गेला. त्याच काळात बांबूचे मोठमोठे पट्टे कागद कारखान्यांना नाममात्र दराने दीर्घ मुदतीवर दिले गेले. सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला मात्र चार बांबूंसाठी खेटे घालावे लागत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यात कारखान्याच्या बांबूतोडीचा अभ्यास केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुंध्याशी असलेली काटेरी जाळी साफ केली जाई. त्या जाळीमुळेच कोवळे कोंब सुरक्षित राहत. जाळी गेली आणि गुरांनी, वन्य प्राण्यांनी कोंब फस्त केले. बांबू संपण्याचा दोष गावकऱ्यांवर ढकलणे तोवर सवयीचे झाले होते.

मेंढ्यात बांबू कसा तोडतात ते पाहावे. पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही, कारण तेव्हा कोंब फुटतात. या भागात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी चवीने खातात, म्हणून मोह आवरावा लागतो. पावसाळा सरल्यावर तोड सुरू होते. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू ठेवायचा, जुना पिकलेला तेवढा काढायचा. घाव जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर घालायचा. दोन पेरांच्या मध्ये तोडले तर उरलेल्या खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचते आणि कूज बेटात उतरते. पुढची तोड काही वर्षांच्या फेऱ्याने. यातले काहीही वनशास्त्राच्या पुस्तकाबाहेरचे नाही. फरक एवढाच की कंत्राटदाराच्या मजुराला नगावर मजुरी मिळत असे आणि ते बेट पुन्हा त्याला दिसणार नसे. मेंढ्याच्या माणसाला तेच बेट आयुष्यभर दिसणार आहे.

मात्र हे पासबुकामुळे रातोरात घडलेले नाही. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांनी ऐंशीच्या दशकापासून इथे अभ्यासगट चालवले. गावाचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा बसून बोलायचा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा जगजाहीर झाली, पण तिच्यामागचे हे कंटाळवाणे बसणे कमी लोकांनी पाहिले. २०१३ साली गावाने ग्रामदानही, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवणे, स्वीकारले. माझ्या मते मेंढ्याचे खरे भांडवल बांबू नाही, ही बसण्याची सवय आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव एक पाऊल पुढे गेले. २०१२ साली सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बांबूचा धंदा उभारला आणि तेंदूपान तोडायचे नाही असे ठरवले. विदर्भातल्या माणसाला विचारा, हे किती धाडसाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत शेतात काम नसते, तेव्हा तेंदूचा हंगाम हा हातात रोख येण्याचा मार्ग. पहाटे पाने तोडायची, दुपारी अंगणात बसून सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. पण चांगले पान यावे म्हणून आधी झुडपे छाटतात, फांद्या तोडतात, कुठे कुठे आगही लावतात. त्यात तेंदूचे फळ, म्हणजे टेंभर, जाते, रोपे जळतात. पाचगावने हिशेब मांडला आणि बांबूवर भागते तर तेंदू नको म्हटले. पर्याय हातात होता म्हणून त्याग करता आला, हे विसरू नये. बांबू नसलेल्या गावाला असा उपदेश करायचा अधिकार कुणालाच नाही.

सगळेच गोड नाही. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, पण मेंढ्यासारखा अभ्यास सगळीकडे झालेला नाही. काही ग्रामसभांनी तेंदूचे करार कंत्राटदाराच्या तोंडी भरवशावर केले आणि पैसे थकले. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची रीत अजून आहे. खाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरले की आगीची गरज उरत नाही, तरी आगी लागतातच. आणि वाघ आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ वाढले याचा आनंद शहरात होतो, पण पहाटे वाकून मोह वेचणारी बाई वाघाला चौपायी प्राण्यासारखी दिसते. अशा मृत्यूनंतर नुकसानभरपाई देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. हंगामात गटाने जाणे, वाघाचा वावर असलेल्या भागाची रोज माहिती देणे, यासाठी वनरक्षक आणि ग्रामसभा एका चटईवर बसले पाहिजेत.

म्हणूनच वनखाते बाजूला सारा, असे मी म्हणणार नाही. रोपवाटिका, आग विझवण्याची साधने, बांबूच्या मोजणीचे शास्त्र हे त्याच्याकडे आहे आणि गावाला त्याची गरज आहे. हुकूम देण्याऐवजी त्याने सल्लागार म्हणून यावे. सरकारने हक्क मिळालेल्या प्रत्येक गावाला व्यवस्थापन आराखडा करायला पैसा आणि माणूस द्यावा, हिशेब लिहायला दोन तरुण शिकवून द्यावेत, आणि वाहतूक परवान्यासाठी कोणत्याही ग्रामसभेला मेंढ्याप्रमाणे मंत्र्याची वाट पाहायला लावू नये.