पाटाची नोंद कुठे शोधायची?

आजच्या विषयाची सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्या उमरगा भागात जुनी माणसं दोन शब्द वेगवेगळे वापरायची: लग्नाची बायको आणि पाटाची बायको. पाट म्हणजे विधवेचा किंवा सोडचिठ्ठी झालेल्या बाईचा पुनर्विवाह. कुणी त्याला मोहतूर म्हणतं. मांडव नाही, वरात नाही. रात्री चार जाणती माणसं बसायची, नवं लुगडं, कुंकू, झालं. अनेक जातींत हा रीतसर रिवाज होता. पेशवाईत तर त्यावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी होती. सरकार कर घेत होतं, म्हणजे तो संबंध चोरीचा नव्हता!

आता अडचण कुठे येते? वंशावळ काढताना नातवाला पणजीच्या लग्नाचा कागद सापडत नाही. मग भाऊबंद म्हणतात, ती ठेवलेली होती. तिच्या लेकरांच्या हिश्श्यावर तिथूनच वाद लागतो. पण कागद नाही म्हणजे लग्न नाही, असं होत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही वधू किंवा वर, कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी चालतो, आणि नोंदणी नाही म्हणून लग्न रद्द होत नाही.

पणजोबाला दोन बायका असतील तर तारीख बघा. 1946 चा द्विभार्याबंदीचा कायदा मुंबई प्रांताचा होता. उमरगा तेव्हा निजामाच्या राज्यात. दुसऱ्या लग्नाला हिंदू विवाह कायद्याची बंदी आली ती 18 मे 1955 पासून. त्यानंतरचं दुसरं लग्न बेकायदा ठरलं, तरी त्या मुलांना आईबापाच्या मालमत्तेत वाटा आहे; सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं.

मग शोधायचं कुठे? लग्न शोधू नका, लग्नानंतरचं आयुष्य शोधा. नवरा वारल्यावरचा फेरफार आणि वारस नोंद काढा. तिथे ‘विधवा अमुक’ असं नाव येतं. मुलांच्या शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर, जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, जुनं खासरा पत्रक बघा. निजामकाळातले कागद उर्दूत, काही मोडीत असतात; जाणकाराकडून वाचून घ्या. सीमेकडच्या घरांत हेळवी यायचे, पिढ्या म्हणून दाखवायचे. पंढरपूर, त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्याही आहेत.

एक सावधगिरी. रूढी नुसती सांगून भागत नाही, सिद्ध करावी लागते. 1965 च्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात गांधर्व पद्धतीचं लग्न टिकलं नाही, कारण आवश्यक विधी झाले नव्हते आणि ते वगळण्याची रूढी सिद्ध झाली नाही. उलट 1978 मध्ये पन्नासएक वर्षं नवराबायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न न्यायालयाने गृहीत धरलं. स्कॉटलंडमध्येही 1940 पर्यंत दोघांनी ‘आम्ही नवराबायको’ एवढं म्हटलं तरी लग्न लागायचं. तिथल्या नातवंडांनाही चर्चच्या वहीत काही सापडत नाही.

तेव्हा घरी ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या आठवड्यातच विचारा: पणजीचं माहेर कुठलं? पहिलं सासर कुठलं? पाटाला कोण बसलं होतं? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. कागद पुढेही मिळतील, माणसं मिळणार नाहीत.