बीजांडे का मरतात? एका संशोधकाच्या निबंधांचा माग

गर्भातल्या मुलीच्या अंडाशयांत पाचव्या महिन्याच्या सुमारास साधारण ७० लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्या १० ते २० लाखांवर येतात आणि पुढे आयुष्यभरात जेमतेम चारशे बीजांडे बाहेर पडतात. बाकीच्या बहुतेक पेशी ॲपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीने स्वतःच घडवलेल्या शिस्तबद्ध मृत्यूने संपतात.

अमेरिकी संशोधक जोनाथन टिली यांचे शोधनिबंध क्रमाने पाहिले की या विषयाची वाढच दिसते. १९९१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अंडाशयातली पुटके, म्हणजे बीजांडे सामावणाऱ्या पेशींच्या पिशव्या, विरताना हाच मृत्यू घडतो हे मांडले. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९९९चा निबंध. ‘बॅक्स’ हे मृत्यू घडवणारे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांची अंडाशये म्हातारपणीही कार्यरत राहिली! कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या तरुण स्त्रियांची बीजांडे वाचवता येतील, या आशेला अशा प्रयोगांनी बळ दिले.

२००४ चा दावा मात्र वादात सापडला: जन्मानंतरही सस्तन मादीत नवी बीजांडे तयार होतात. अशा वेळी निबंधांची संख्या मोजून भागत नाही. इतर प्रयोगशाळांना काय आढळले तेही वाचावे लागते. स्वीडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये मानवी अंडाशयाच्या बाह्यस्तरातल्या पेशी एकेक करून तपासल्या. त्यांना बीजांडे घडवणाऱ्या मूलपेशी सापडल्या नाहीत.