कारखान्यांच्या शहरातली जातपंचायत

पिंपरी-चिंचवड हे शहर यंत्राच्या आणि मजुरीच्या जोरावर उभे राहिले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज यांच्यामागून असंख्य लघुउद्योग आले, १९८२ साली महापालिका झाली आणि हाच पट्टा भोसरी-मोशी ओलांडून चाकणपर्यंत पोचला. या वाढीबरोबर एक समजूतही रुजली. माणूस गावकी-भावकीतून सुटून पाळीवर जाऊ लागला, महिन्याचा पगार हातात आला, मुली शिकल्या, की जातीची पकड आपोआप सैल होईल, अशी ती समजूत. पगाराने पुष्कळ काही बदलले हे खरेच. पण बाईच्या शरीरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न पगाराने सुटत नाही. तो सोडवायला कोणाला तरी घरातूनच उभे राहावे लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते. पिंपरीच्या भाटनगर या कंजारभाट वस्तीत गेल्या काही वर्षांत हेच घडले.

कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूची कौमार्य चाचणी घेण्याची रूढी आहे. जोडप्याला खोलीत पाठवतात, पांढरी चादर अंथरतात, जातपंचायतीचे पंच निकालाची वाट पाहत बसतात आणि मग सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारतात, माल खरा की खोटा. चादरीवर रक्त दिसले नाही तर मुलीच्या वाट्याला अपमान, मारहाण आणि मोडलेले लग्न येते. याला नकार देणारे पूर्वीही होते. कृष्णा इंद्रेकर आणि त्यांच्या पत्नीने नव्वदच्या दशकातच चाचणी नाकारून लग्न केले होते. मात्र ते एका जोडप्याचे धैर्य होते. २०१७ साली विवेक तमायचीकर या मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने समाजातल्या मुलामुलींनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सॲप गट काढला आणि नकार सामूहिक झाला. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरमधल्या एका लग्नात या मोहिमेतल्या तीन तरुणांना मारहाण झाली आणि पिंपरी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी विवेक आणि ऐश्वर्या यांनी चाचणीशिवाय लग्न केले. नवरात्रात ऐश्वर्या यांना भाटनगरमध्ये दांडिया खेळू दिला गेला नाही, तेव्हा त्यांनी सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. दांडियावरून पोलिसांत जाणे कोणाला अतिरेक वाटेल. पण बहिष्कार नेहमी अशाच ठिकाणी चालतो. तो कोणाची नोकरी काढून घेत नाही, फक्त आनंदाच्या आणि दुःखाच्या प्रसंगी माणसाला वगळतो. कारखान्यातला पगार या वगळण्यावर उतारा ठरत नाही.

या मोहिमेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप समाजाच्या बदनामीचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कंजारभाटांसारख्या ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले, आणि पोलिसांच्या व शेजाऱ्यांच्या मनातून तो अजून पुसला गेलेला नाही. ज्या पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या वस्तीवर छापे घातले, त्यांच्याचकडे आपल्याच माणसांविरुद्ध तक्रार नेणे म्हणजे घरभेदीपणा, असे वडीलधाऱ्यांना वाटले तर त्यामागे इतिहास आहे. सरकारी न्यायाने वाऱ्यावर सोडलेल्या माणसांना जातपंचायतीने एकेकाळी आधारही दिला असेल. पण या इतिहासाचे ओझे नेमके कोणाच्या अंगावर टाकले गेले, हे विचारले पाहिजे. बाहेरच्यांनी हिरावलेली प्रतिष्ठा सिद्ध करण्याचे काम नव्या नवरीच्या चादरीवर सोपवले गेले. मोहिमेतल्या मुलांनी जात सोडली नाही, आडनाव बदलले नाही. समाजातच राहून त्यांनी हे ओझे उतरवायला सांगितले. त्यांना बदनामीचे कारण मानणे म्हणजे दुखणे सांगणाऱ्यालाच दुखण्याबद्दल दोष देणे.

दुसरा आक्षेप असा की समाजातल्या बायकांनाच ही प्रथा हवी आहे. मोहिमेविरुद्ध पुण्यात मोर्चा निघाला तेव्हा त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांना अडाणी म्हणणे मला मान्य नाही. समाजाच्या अब्रूसाठी त्या रस्त्यावर आल्या होत्या. तरीही जिथे नकार दिला तर लग्न, मयत, सणवार सगळे तुटते, तिथे होकाराचे मोल त्या होकारावरून ठरवता येत नाही. आधी नकार सुरक्षित व्हायला हवा. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा नेमके तेवढेच करू पाहतो. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृतीविरुद्ध केलेला कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला होता. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, एप्रिल २०१६ मध्ये, विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरुणांनी ही दोन्ही साधने लगेच हाती घेतली. कायद्याने रूढी जात नाही, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच की रूढी मोडू पाहणाऱ्याला कायद्याने एकटे पडू देऊ नये, आणि हेही थोडे नाही.

कायदा अपुरा आहे, हे मात्र मान्य. फेब्रुवारी २०१९ मध्ये गृहराज्यमंत्र्यांनी अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानून गुन्हा ठरवण्याची घोषणा केली. त्यानंतरही कोल्हापूरचे प्रकरण घडलेच. बेळगावातल्या दोन भावांना दिलेल्या दोन बहिणींपैकी एक चाचणीत ‘नापास’ ठरवली गेली, पंचायतीने काडीमोड केला आणि २०२१ मध्ये गुन्हा नोंदला गेला.

हा एका जमातीचा विचित्र रिवाज आहे, असे समजून बाकीच्यांनी मोकळे होऊ नये. योनिपटलावरून कौमार्य ओळखता येते ही समजूत आपल्या वैद्यकीय पुस्तकांतच होती. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ती अशास्त्रीय असल्याचे दाखवून पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेची दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हक्कांचा भंग ठरवली, आणि तरी २०२२ मध्ये तेच पुन्हा बजावावे लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कौमार्य चाचणी किमान २० देशांत चालत असल्याचे सांगून ती बंद करण्याचे आवाहन केले. तेव्हा भाटनगरच्या मुलांनी मांडलेला मुद्दा इस्पितळालाही लागू होता आणि न्यायालयालाही.

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराबद्दल मराठीत स्वच्छ बोलता येते हे दाखवले आणि त्यासाठी खटले सोसले. ज्या राज्यात हे घडले, त्याच राज्याने २००७ मध्ये शाळांमधले लैंगिक शिक्षण गदारोळानंतर थांबवले. त्याचा परिणाम आज चाकणच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत दिसू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेली विशीतली मुले-मुली इथे जोडणीच्या ओळीवर काम करतात. यंत्राच्या सुरक्षेचे प्रशिक्षण त्यांना पहिल्याच दिवशी मिळते. संमती, गर्भनिरोध, किंवा २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांपर्यंत मिळालेला गर्भपाताचा हक्क यांबद्दल मात्र जे कळते ते मोबाइलवरून आणि मित्रांकडून. भाटनगरच्या तरुणांनी हे ज्ञान स्वतः शोधून एकमेकांना पुरवले. मोरवाडीच्या आयटीआयमध्ये, महापालिकेच्या माध्यमिक शाळांत आणि चाकणच्या कारखान्यांतल्या प्रशिक्षण वर्गांत ते द्यायला नवा कायदा लागत नाही. पहिल्या संबंधात रक्त येणे किंवा न येणे कशाचाही पुरावा नाही, एवढे साध्या मराठीत सांगणारा तास वेळापत्रकात लागतो. तो लावण्याची मागणी महापालिकेच्या शिक्षण विभागासमोर आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनांसमोर ठेवायला हवी.