दसऱ्याचें सोनें : शमी, आपटा व कौत्साची कथा

आश्विन शुद्ध दशमीस आपट्याचीं पानें 'सोनें' म्हणून एकमेकांस देण्याची महाराष्ट्रांतील चाल सर्वांच्या परिचयाची आहे. धाकट्यांनीं वडिलांच्या हातीं पान ठेवून पायां पडावें, बरोबरीच्यांनीं भेटावें, आणि वर्षांत कांहीं वांकडें आलें असल्यास तें त्या पानाबरोबर विसरावें, असा हा आचार. त्याचें मूळ विचारलें असतां घरोघर एकच उत्तर मिळतें. रघुराजानें कौत्सासाठीं कुबेरावर स्वारी योजिली. कुबेरानें भिऊन रात्रीं नगराबाहेरील आपट्याच्या झाडावर सुवर्णाचा पाऊस पाडिला. कौत्सानें आपल्यापुरतें घेतलें आणि उरलेलें लोकांनीं लुटलें. तो दिवस विजयादशमीचा. ह्या कथेस कालिदासाच्या रघुवंशाचा आधार आहे असेंहि बरोबरच सांगण्यांत येतें. हा आधार कितपत टिकतो, आणि टिकत नसल्यास पानास 'सोनें' हें नांव कोठून आलें असावें, याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम रघुवंश पाहूं. पांचव्या सर्गांत वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठीं रघूकडे येतो. रघूनें विश्वजित् यज्ञांत सर्वस्व दिलेलें असल्यामुळें तो मातीच्या पात्रांतून अर्घ्य आणतो, व तें पात्र पाहूनच कौत्स आशा सोडतो. गुरूनें आधीं कांहींच मागितलें नव्हतें. शिष्यानें फार हट्ट धरल्यावर त्यानें रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सांगितले होते. याचक विन्मुख जाणें रघूस सहन होत नाहीं. तो कौत्सास दोन तीन दिवस अग्निगृहांत ठेवून घेतो आणि कुबेरावर जाण्याच्या विचारानें सायंकाळीं शस्त्रांसह रथांतच निजतो. सकाळीं कोषगृहावरील अधिकारी येऊन सांगतात कीं, कोषांत आकाशांतून सुवर्णवृष्टि झाली. रघु ती सर्व रास देऊं करतो, कौत्स गुरूस देणें असलेल्याहून अधिक घेत नाहीं, आणि साकेतांतील लोक दोघांचीहि धन्यता मानतात. तें सुवर्ण उंटांवर व घोड्यांवर लादून नेण्यांत येतें, आणि कौत्साच्या आशीर्वादानें रघूस अज हा पुत्र होतो.

कथा एवढीच. सुवर्ण पडलें तें कोषगृहांत, झाडावर नव्हे. आपटा नाहीं, शमी नाहीं, नगराची सीमा नाहीं, दशमी तिथि नाहीं, आणि लोकांनीं लुटल्याचाहि प्रसंग नाहीं. उलट कवीचा सर्व भर असा कीं, देणारा अधिक देऊं पाहतो व घेणारा अधिक घेत नाहीं. लुटीस तेथें जागाच उरत नाहीं. तेव्हां दसऱ्याच्या सोन्यास रघुवंशाचा आधार देणें म्हणजे ज्या गोष्टी ग्रंथांत नाहींत त्यांच्यासाठीं ग्रंथाचें नांव वापरणें होय. कथा खोटी असें आमचें म्हणणें नाहीं. लोककथा म्हणून ती सुंदर आहे, व तिचा विचार लोककथा म्हणूनच व्हावा.

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. विजयादशमीचीं कृत्यें यादवांचा मंत्री हेमाद्रि, निर्णयसिंधूचा कर्ता कमलाकरभट्ट (हा ग्रंथ इ.स. १६१२ चा) आणि धर्मसिंधूचा कर्ता काशीनाथ उपाध्याय (ग्रंथसमाप्ति शके १७१२, म्हणजे इ.स. १७९०) यांनीं सांगितलीं आहेत. तिघांचाहि महाराष्ट्राशीं संबंध आहे. हेमाद्रि देवगिरीचा, कमलाकरभट्ट काशीस राहणारा खरा, परंतु त्याचें भट्ट घराणें मूळ पैठणचें, आणि काशीनाथ उपाध्याय पंढरपूरचे. महाराष्ट्रांतील आचार यांस ठाऊक नव्हता असें म्हणतां येणार नाहीं.

ह्या निबंधांप्रमाणें दशमी अपराह्णव्यापिनी घ्यावयाची असून श्रवण नक्षत्राचा योग विशेष मानिला आहे. मुख्य कृत्यें तीन : अपराजितापूजन, शमीपूजन आणि सीमोल्लंघन. गांवाच्या ईशान्येस भूमि शुद्ध करून चंदनानें अष्टदल काढावें, मध्यें अपराजिता व दोन्ही बाजूंस जया आणि विजया यांचें पूजन करावें. मग शमीजवळ जाऊन तिची पूजा करावी. शमीच्या प्रार्थनेंत अर्जुनाच्या शस्त्रांचा व रामाचा उल्लेख येतो, आणि मागणें असतें तें पुढें करावयाच्या यात्रेंत विघ्न न यावें हें. राजानें शत्रूची प्रतिमा करून, किंवा त्यास मनांत आणून, तिच्या हृदयावर बाण मारावा असेंहि सांगितलें आहे. ही सर्व मोहिमेस निघणाराची पूजा आहे. पर्जन्यकाळ सरला, नद्या उतरल्या, पिकें हातीं येऊं लागलीं, वाटा मोकळ्या झाल्या. अशा वेळीं राज्याची सीमा ओलांडून एक पाऊल पुढें टाकावयाचें, हें सीमोल्लंघनाचें मूळ कारण.

पूजेनंतर घरीं काय आणावयाचें? येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. निबंधकार सांगतात कीं, शमीच्या मुळाशीं असलेली ओली माती अक्षतांसह घ्यावी आणि गीतवाद्यांच्या घोषांत घरीं आणावी. माती, पान नव्हे, फांदी नव्हे. शमी न मिळाल्यास अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची, पूजा करावी असें धर्मसिंधूंत स्पष्ट आहे, आणि अश्मंतकासाठीं निराळा मंत्रहि दिला आहे. त्या मंत्रांत दोष दूर करण्याची, इष्टजनांचें दर्शन घडविण्याची व शत्रूंच्या नाशाची प्रार्थना आहे. सुवर्णाचें नांव शमीच्या प्रार्थनेंतहि नाहीं आणि अश्मंतकाच्या मंत्रांतहि नाहीं. मात्र 'इष्टजनांचें दर्शन' हे शब्द वाचून आम्ही थोडे थांबलों. पान घेऊन आप्तेष्टांच्या भेटीस जाण्याच्या आजच्या चालीशीं जुळणारी गोष्ट सर्व विधींत हीच एक आहे, आणि ती शमीच्या नव्हे तर आपट्याच्या वांट्यास आली आहे.

आपटा हा शमीचा प्रतिनिधि कां झाला याचें उत्तर आम्हांस भूगोलांत दिसतें. शमी, जिला मराठींत सौंदड म्हणतात, ती रुक्ष मुलुखांतील झाड. राजस्थानांत तिलाच खेजडी म्हणतात. कोंकणांत व सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यांत ती सहज मिळावयाची नाहीं. आपटा मात्र आपल्याकडील डोंगररानांत जागोजाग आढळतो. काशीनाथ उपाध्यायांचें मूळ घराणें रत्नागिरीकडील गोळवली गांवचें. 'शमीच्या अभावीं' हे शब्द लिहितांना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता मुलूख असेल हें सांगावयास नको. प्रतिनिधि पुढें मुख्याची जागा घेतो हें धर्मकृत्यांत नवीन नाहीं. आतां तर ह्या प्रतिनिधीसहि प्रतिनिधि मिळाला आहे : शहरांतील बाजारांत आपटा म्हणून कांचनाच्या पानांचे भारे विकले जातात. आपट्याचें पान लहान, जाड, रुंदीनें लांबीहून अधिक; कांचनाचें पान मोठें व पातळ. दोन दळांचा आकार सारखा असल्यानें घेणारा फसतो.

पानास सोनें म्हणण्याची चाल केवळ मराठी मुलुखाची नाहीं, ही गोष्ट या प्रश्नांत फार महत्त्वाची आहे. तेलंगणांत दसऱ्यास शमीचीं (तेलुगूंत 'जम्मी') पानें 'बंगारम्' म्हणून वडिलांच्या हातीं देतात. उत्तर कर्नाटकांत 'बन्नी' देऊन घेऊन सोन्यासारखें राहूं या अशा अर्थाचें बोलतात. बन्नी म्हणजे शमीच. म्हणजे शेजारच्या दोन भाषांत हें नांव शमीच्या पानास आहे, आणि तेथें कथा सांगितली जाते ती बहुधा पांडवांची. एका आचारास निरनिराळ्या प्रांतीं निरनिराळ्या कथा जोडलेल्या असल्या म्हणजे आचार जुना व कथा मागाहूनच्या, असें मानण्याकडे आमचा कल आहे. पान 'सोनें' झालें तें दक्षिणेंतील ह्या तीन भाषांच्या सामाईक प्रदेशांत, व तें आधीं शमीचें झालें असावें. आपट्यास तें नांव प्रतिनिधित्वाबरोबर मिळालें, आणि कौत्साची कथा त्या नांवाच्या स्पष्टीकरणासाठीं आली.

शमीचाच मान कां, याचें उत्तर वेदकाळापर्यंत जातें. शमीवर उगवलेल्या अश्वत्थाच्या अरणी करीत. शतपथ ब्राह्मणांतील पुरूरव्याच्या कथेंत रानांत ठेविलेल्या अग्नीचा अश्वत्थ होतो व ज्या पात्रांत तो अग्नि होता त्याची शमी होते. अग्नि शमीच्या गर्भांत लपल्याची कथा महाभारतांत आहे. त्याच ब्राह्मणांत सुवर्ण हें अग्नीचें रेत म्हटलें आहे. अग्नीची शमी आणि अग्नीचें सुवर्ण यांची गांठ घालून पानाच्या सोन्याचा उगम तेथेंच दाखविण्याचा मोह होतो. पण मधल्या दोन अडीच हजार वर्षांस पुरावा पाहिजे, व तो हातीं नसतां हा तर्क तर्क म्हणूनच ठेवणें बरें.

पांडवांच्या कथेसंबंधानेंहि एक गैरसमज येथेंच दूर केलेला बरा. विराटपर्वांत पांडव आपलीं शस्त्रें विराटनगराबाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर बांधून ठेवितात, जवळ कोणी येऊं नये म्हणून तिच्यावर एक प्रेत बांधतात, आणि गुराख्यांस सांगतात कीं ही आमची एकशें ऐशीं वर्षांची माता असून हा आमचा कुलधर्म आहे. पुढें गोग्रहणप्रसंगीं अर्जुन उत्तरास त्या झाडावर चढवून शस्त्रें उतरवितो. हें शस्त्रें काढणें विजयादशमीस झालें असें सर्वत्र सांगतात. परंतु महाभारताच्या प्रचलित पाठांत सुशर्म्यानें गाई हांकल्या त्या कृष्णपक्षांतील सप्तमीस आणि कौरवांनीं हांकल्या त्या दुसऱ्या दिवशीं अष्टमीस. शुद्ध दशमीशीं याचा मेळ बसत नाहीं. रामकथेचेंहि तसेंच. वाल्मीकीच्या युद्धकांडांत रावणास सुपार्श्व सांगतो कीं, आज कृष्ण चतुर्दशी आहे, उद्यां अमावास्येस विजयासाठीं नीघ; आणि रामानें लंकेकडे प्रस्थान ठेविलें तें उत्तरा फल्गुनी नक्षत्रावर, माध्याह्नीं. दशमीस श्रवण नक्षत्र पाहणाऱ्या विधीशीं याचाहि संबंध जुळत नाहीं. मूळ ग्रंथांत दोन्ही कथांस दशमी नव्हती. ती सणानें दिली.

देवीची कथा तेवढी तिथीशीं सहज मिळते, कारण नवरात्र संपून विजयाचा दिवस येतो. मार्कंडेय पुराणांतील देवीमाहात्म्य सर्वांनीं वाचलेलें असल्यानें महिषासुराच्या वधाची कथा येथें पुन्हा सांगत नाहीं. तुळजापुरास त्या दिवशीं भवानीची मूर्ति पालखींतून सीमोल्लंघनास निघते व पुढें पौर्णिमेपर्यंत देवी पलंगावर श्रमनिद्रा घेते. जेजुरीस गडावरील व कडेपठारच्या खंडोबाच्या पालख्यांची भेट होते व खंडा उचलण्याची शर्यत लागते. देवहि राजाप्रमाणेंच सीमा ओलांडतात, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

राजांविषयीं पुरावा पुष्कळ आहे. विजयनगरच्या महानवमीचें वर्णन अब्दुर रझाक यानें १४४३ त व डोमिंगो पाएस या पोर्तुगीजानें १५२० च्या सुमारास केलें आहे. पाएसच्या वृत्तांतांत नऊ दिवसांच्या उत्सवानंतर नगराबाहेर सर्व सैन्याची पाहणी होते. तीच परंपरा राजा वोडेयर यानें १६१० त श्रीरंगपट्टणास चालू केली, व म्हैसूरची मिरवणूक बन्नीमंटपाकडेच जाते. कोल्हापुरास छत्रपतींच्या हस्तें शमीपूजन होतांच सोनें लुटण्याचा प्रकार आजहि होतो. लुटणें हा शब्द येथें अर्थपूर्ण आहे. मुलुखगिरीस निघणारानें परमुलुखांतून आणावयाचें सोनें सीमेवरच्या झाडापासून शकुन म्हणून आधींच घरीं आणावयाचें, असा याचा भाव आम्हांस दिसतो. मातीची जागा पानानें घेतली ती ह्या भावामुळें. माती घरीं येते ती भूमीचें चिन्ह म्हणून. वांटावयास व लुटावयास पान लागतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं जुन्या घराण्यांचे जमाखर्च व पोथ्या आहेत. नवरात्रांत शस्त्रांबरोबर पोथ्यांचीहि पूजा होत असल्यानें पहिल्या पानावर हळदकुंकवाचे डाग व मध्यें अडकलेली एखादी अक्षत त्यांस पुष्कळदां दिसली असेल. असलीं पानें स्वच्छ करण्याच्या भरांत पुसूं नयेत, तो डागहि इतिहासच आहे. जमाखर्चाचे मोडी कागद वाचतांना आश्विनांतील नोंदींकडे विशेष लक्ष द्यावें. 'शिलंगण' हा शब्द सीमोल्लंघनाचाच अपभ्रंश आहे. तो व्यक्तिनाम किंवा ग्रामनाम समजून चालूं नये. त्या दिवशींच्या खर्चांत 'सोनें' आढळल्यास पुढचें परिमाण पाहावें : तोळे मासे असल्यास धातु, ओझें किंवा भारा असल्यास पाला. दुसऱ्या प्रकारची मितीची नोंद मिळाली तर पानास सोनें म्हणण्याची चाल त्या वर्षीं त्या गांवीं होती हें निश्चित होईल. पाला शमीचा कीं आपट्याचा हेंहि लिहिलेलें असल्यास तेवढा उतारा मूळ अक्षरवाटिकेसह, ओळ न बदलतां, ह्या पत्रिकेकडे पाठवावा.